बंदिस्त कृत्रिम नदी आणि फ्लाय फिशिंग : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात फ्लाय फिशिंगची, म्हणजे किड्याची हलकी नक्कल गळावर बांधून करायच्या मासेमारीची, आवड असणाऱ्यांच्या गप्पांत एक कल्पना पुन्हा पुन्हा निघते : एखाद्या मोठ्या शेडखाली पंपाने फिरणाऱ्या पाण्याची नदी बांधली, तिच्यात खडक मांडले, मासे सोडले, तर फ्लाय फिशिंग करणारा माणूस तिथे जाईल का? ही कल्पना ऐकताच काहींच्या कपाळावर आठ्या चढतात, तर काहींना ती आजच उभारावीशी वाटते. दोन्ही बाजूंकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

बंदिस्त कृत्रिम नदी म्हणजे नेमके काय?

छताखाली बांधलेला, उतार असलेला आणि तळाशी वाळू, गोटे व मोठे खडक मांडलेला एक लांब कालवा, ज्याच्या खालच्या टोकाला जमा झालेले पाणी गाळून, शुद्ध करून पंपाने पुन्हा वरच्या टोकाला सोडले जाते. पोहण्याचा तलाव किंवा मत्स्यालय यांहून ती वेगळी ठरते ती प्रवाहामुळे. तिच्यात उथळ खळाळ हवा, खोल डोह हवा, खडकामागची शांत जागा हवी आणि वेगवान व संथ पाणी एकमेकांना भिडते ती रेषा हवी.

यातील कोणताच भाग अपरिचित नाही. १९१६ साली सुरू झालेल्या आणि आज पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात नद्या आणि धरणे यांच्या प्रतिकृती बांधून त्यांतून पाणी सोडले जाते व त्याचा अभ्यास केला जातो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वीव्हर क्रीक येथे १९६५ साली सॅमन माशांना अंडी घालता यावीत म्हणून जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा वळणावळणांचा कृत्रिम प्रवाह खोदण्यात आला आणि मासे तिथे येतात. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे बांधलेला कयाकिंगचा कालवाही मानवनिर्मितच आहे. यांतली बहुतेक उदाहरणे उघड्या आकाशाखालची आहेत. छत घातल्यावर ज्या अडचणी वाढतात त्या पुढे येतीलच.

फ्लाय फिशिंग आणि नेहमीची गळाची मासेमारी यांत फरक काय? त्यासाठी वाहते पाणीच का लागते?

नेहमीच्या गळाला शिशाचे वजन किंवा जड आमिष असते आणि ते वजन दोरीला ओढत पुढे नेते. फ्लाय मात्र पिसे, केस आणि दोरा गळावर बांधून केलेली, किड्याची जवळजवळ वजनरहित नक्कल असते, त्यामुळे येथे वजन दोरीतच घालावे लागते. पाच क्रमांकाच्या फ्लाय लाइनच्या पहिल्या तीस फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते. मागची फेक आणि पुढची फेक यांच्या तालातून ही लाइन हवेत उलगडते आणि टोकाशी असलेली फ्लाय पाण्यावर अलगद उतरते.

फ्लाय उतरली की खरे काम सुरू होते. प्रवाहातला मासा तोंड पाणी येते त्या दिशेला करून, शक्ती वाचवण्यासाठी संथ पाण्यात थांबतो आणि शेजारच्या वेगवान पाण्यातून वाहत येणारे अन्न टिपतो. खरा किडा प्रवाहाबरोबर मोकळा वाहतो. आपली फ्लाय मात्र दोरीला बांधलेली असते आणि ती दोरी दोन-तीन वेगवेगळ्या गतींच्या पाण्यावर पडलेली असते. एखाद्या धारेने दोरी ओढली की फ्लाय पाण्याहून वेगळ्या गतीने सरकते आणि मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. ही ओढ टाळण्यासाठी दोरी उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकणे, ज्याला मेंडिंग म्हणतात, हेच या कलेचे मर्म आहे. स्थिर तलावावर फ्लाय टाकता येते, अंबाझरी किंवा गोरेवाड्यासारख्या पाण्यावर रोहू-कटल्यासाठी कुणी ते करूही शकेल, पण प्रवाहाचे हे गणित तिथे समोर येत नाही.

मग फ्लाय फिशिंग करणारे लोक अशा नदीकडे खरोखर वळतील का?

वळतील, परंतु मासे आहेत म्हणून नव्हे, पाणी पुस्तकासारखे वाचता येण्याजोगे असेल तरच. या एका वाक्यावर पुढचे सगळे उभे आहे, म्हणून ते थोडे उलगडून सांगतो.

या छंदात मुरलेल्या माणसाला विचारले की तुला नदीवर काय हवे असते, तर तो क्वचितच माशांची संख्या सांगतो. तो सांगतो की अमुक खडकाच्या डावीकडे मासा असणार असे मला वाटले, तिथवर फ्लाय ओढ न लागता पोहोचवायला मला तीन जागा बदलाव्या लागल्या आणि चौथ्या फेकीला त्याने ती घेतली. म्हणजे आनंद असतो तो तर्क, कृती आणि पाण्याने दिलेले उत्तर यांत. हा आनंद देण्यासाठी नदीने प्रश्न घातला पाहिजे आणि तो प्रश्न दर वेळी थोडा वेगळा असला पाहिजे. कालव्याचा तळ सिमेंटमध्ये कायमचा बसवला, खडक हलेनासे केले आणि पंप एकाच गतीने चालू ठेवला, तर सराईत माणसाला ती नदी दोन भेटींत पाठ होईल आणि तिसऱ्यांदा तो येणार नाही. खडक हलवता येतील, तळाच्या पट्ट्या वर-खाली करता येतील, प्रवाह सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा ठेवता येईल, अशी रचना केली, तर मात्र तीच शेड वर्षभर नवी राहू शकते.

म्हणून अशा प्रकल्पात पैसा आधी पाण्याच्या रचनेवर खर्च व्हावा आणि माशांवर नंतर, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळ मासे सोडले की गिऱ्हाईक खूश होईल ही समजूत भाड्याने गळ देणाऱ्या तळ्यांना लागू पडते. ज्या पाण्यात प्रत्येक फेकीला मासा लागतो, तिथे फेक चांगली होती की वाईट हे कळायला मार्गच उरत नाही.

निसर्गातला खेळ छताखाली आणल्याची उदाहरणे आहेत का? त्यांचे काय झाले?

आहेत आणि त्यांतून उलटसुलट धडे मिळतात. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात १९६४ साली चढाईच्या सरावासाठी भिंत उभारली गेली. तिचा हेतू एवढाच होता की पावसाळी दिवसांत गिर्यारोहकांची बोटे आणि तोल तयार राहावा. पुढे अशा भिंती जगभर झाल्या, त्यांवर पकडी हलवून रोज नवे मार्ग मांडले जाऊ लागले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, चढाई हा स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून आला. भिंतीवर शिकलेले अनेक जण खऱ्या कड्यांवर गेले, तर अनेक जण कधीच गेले नाहीत, तरी त्यांचा छंद खोटा ठरला नाही. पकडी हलवता येणे हेच त्या यशाचे मोठे कारण आहे, असे मी मानतो.

दुसरे उदाहरण जपानमधील मियाझाकी येथील ओशन डोमचे. १९९३ साली उघडलेल्या त्या अवाढव्य बंदिस्त समुद्रात कृत्रिम लाटा आणि वाळू होती, छत उघडण्याची सोय होती, पण २००७ साली तो बंद पडला. खरा समुद्रकिनारा तिथून पायी जाण्याइतका जवळ होता. जिथे खरी गोष्ट हाताशी आहे, तिथे तिची महागडी नक्कल टिकणे अवघड असते.

दुबईतील मॉलमध्ये २००५ पासून बर्फावरची घसरण चालते आणि ती टिकली, कारण त्या वाळवंटात दुसरा बर्फ नाही. नागपूरची स्थिती मियाझाकीपेक्षा दुबईच्या जवळची आहे.

नागपुरातच का? आपल्याकडे नद्या नाहीत का?

आहेत, पण फ्लाय रॉड घेऊन उभे राहता येईल अशा फार थोड्या. नाग नदी शहरातून सांडपाणी वाहून नेते. पेंच सुंदर आहे, परंतु तिचा मोठा भाग व्याघ्र प्रकल्पात येतो आणि तिथे हौशी मासेमारीला वाव नाही, जो नसावा हेच योग्य आहे. कन्हान आणि वैनगंगा पावसाळ्यात गढूळ व धोकादायक असतात आणि उन्हाळ्यात त्यांची पात्रे वाळूची होतात. वर्षातले थोडेच आठवडे उरतात.

ट्राउटसाठी, म्हणजे थंड पाण्यात राहणाऱ्या आणि या छंदात आवडीच्या असलेल्या माशासाठी, जायचे म्हटले तर वाट आणखी लांब होते. भारतात ब्राउन ट्राउट १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून काश्मीरमध्ये रुजला आणि पुढे हिमाचलात पसरला. निलगिरीत रेनबो ट्राउट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजवला गेला. हिमाचलातील तीर्थन खोरे आणि निलगिरी ही दोन्ही ठिकाणे नागपूरपासून सरळ रेषेत हजार किलोमीटरहून अधिक दूर आहेत. झिरो माइलच्या शहराला देशाच्या मध्यावर असण्याचा हा एक तोटा : उत्तरेचे पाणी आणि दक्षिणेचे पाणी आपल्याला सारखेच लांब पडते. वर्षातून एकदा रजा काढून जाणारा माणूस तिथल्या पहिल्या दोन दिवसांत मेंडिंगच शिकत बसतो आणि हात बसतो तेव्हा परतीची गाडी असते. हे शिक्षण नागपुरात झाले, तर त्याची सहल सार्थकी लागेल.

जागा किती लागेल? छत किती उंच हवे?

लोक कालव्याची लांबी विचारतात, पण आधी मागची जागा मोजावी. डोक्यावरून केलेल्या फेकीत दोरी जितकी पुढे जाते तितकीच ती आधी मागे उलगडावी लागते. १२ मीटरची फेक करायची तर माणसाच्या मागेही तेवढी मोकळी जागा हवी आणि त्या पट्ट्यात दुसरे कुणी फिरता कामा नये, कारण मागे जाणारा गळ डोळ्याला लागू शकतो. नऊ फुटांचा रॉड, उंचावलेला हात आणि त्यावर दोरीचा फेर धरला, तर छत ६ मीटरपेक्षा कमी उंच असू नये आणि दिवे, पंखे, तुळया त्या फेराच्या बाहेर असाव्यात.

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत दिसतात तशा लोखंडी शेडमध्ये हे बसू शकते. शिवाय लहान जागेला अनुकूल अशा पद्धतीही आहेत. रोल कास्ट या प्रकारात दोरी मागे हवेत न नेता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे लोटली जाते. युरोपात वाढलेल्या निंफिंगच्या, म्हणजे पाण्याखालच्या अळीची नक्कल वापरण्याच्या, पद्धतीत दहा-अकरा फुटांच्या रॉडच्या टोकाखालीच फ्लाय वाहवली जाते. जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची टेंकारा ही पद्धत तर रीळच वापरत नाही. रॉडच्या टोकाला ठरावीक लांबीची दोरी बांधलेली असते. नवशिक्यासाठी मी टेंकाराच सुचवीन, कारण त्यात दोरी सांभाळण्यापेक्षा पाण्याकडे अधिक लक्ष देता येते.

पाणी सतत फिरवायला किती वीज लागेल?

अंदाज बांधणे सोपे आहे. कालवा ४ मीटर रुंद, सरासरी अर्धा मीटर खोल आणि पाण्याची गती सेकंदाला ०.४ मीटर धरली, तर दर सेकंदाला ८०० लिटर पाणी वाहते. हे पाणी उतार आणि नळांतील घर्षण मिळून दीड मीटर उचलायचे तर सुमारे १२ किलोवॉट शक्ती प्रत्यक्ष पाण्याला द्यावी लागते. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर मोटर सुमारे १८ किलोवॉट ओढेल, म्हणजे दहा तासांत १८० युनिट. हा आकडा ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण त्यांना तो कितीतरी मोठा वाटत असतो. उचल जितकी कमी तितकी वीज कमी, म्हणून धबधब्याचा मोह टाळावा. धबधबा छायाचित्रात छान दिसतो, पण फ्लाय फिशिंगला त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पंप रबरी बैठकीवर आणि कालव्याच्या भिंतीपासून तोडून बसवावेत. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषा पाण्यातील सूक्ष्म कंपने टिपते आणि सतत घरघरणाऱ्या भिंतीजवळ मासा स्वस्थ राहत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी थंड कसे ठेवणार? आणि मासा कोणता?

हे दोन प्रश्न वेगळे विचारले जातात, पण ते एकच आहेत.

ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते आणि २० च्या वर त्याची दमछाक सुरू होते. त्याचे एक कारण प्राणवायू. १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. २०० घनमीटर पाणी ३० वरून १५ अंशांवर आणायचे तर सुमारे ३,५०० युनिट उष्णता काढावी लागते. चांगला चिलर त्यासाठी अकराशे-बाराशे युनिट वीज घेईल. एवढा खर्च एकदाच, पण त्यानंतर शेडमध्ये शिरणारी उष्णता रोज बाहेर काढत राहावे लागते. संत्र्यांच्या शीतगृहांना वापरतात तसे उष्णता अडवणारे पफ पॅनेल भिंतींना आणि छताला लावले तर हा भार बराच उतरतो. तरीही वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर ट्राउट काही तासांत संकटात येतात. हे धाडस नागपुरात करू नये, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

दुसरा मार्ग आपल्या हवामानाला धरून आहे. नागपूरचा मे महिना तापलेला असतो, पण कोरडाही असतो, आणि म्हणूनच वाळ्याच्या पडद्याचा कूलर आपल्याकडे काम करतो. त्याच तत्त्वावरचा शीतकरण मनोरा पाण्याचे थोडे बाष्पीभवन करून उरलेले पाणी २६-२७ अंशांपर्यंत अल्प विजेत खाली आणू शकतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की मनोऱ्याचा गुण कमी होतो, पण तेव्हा बाहेरचे तापमानही उतरलेले असते. या पाण्यात देशी मासे सुखाने राहतील. बॅरिलियस वंशाचे लहान, चपळ मासे ओढ्यांत राहून पृष्ठभागावरचे किडे टिपतात आणि बारीक फ्लायवर येतात. महाशीर तर प्रवाहाचाच मासा. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरचे बीज तयार केले जाते, त्यामुळे जंगली नदीतून मासे उचलण्याची गरज नाही. महाशीर प्रचंड वाढतो, म्हणून कालव्यात लहान वयाचेच मासे ठेवावेत आणि ते मोठे झाल्यावर कुठे जाणार याची व्यवस्था आधीच ठरवावी.

ती व्यवस्था म्हणजे ‘पेंचमध्ये सोडून देऊ’ अशी असता कामा नये. कावेरीत बाहेरून आणून सोडलेल्या महाशीरमुळे तिथल्या मूळच्या हंपबॅक महाशीरवर जे ओढवले, ते माशांच्या अभ्यासकांनी तपशिलात मांडले आहे. चांगल्या हेतूने सोडलेला मासाही नदीला महाग पडू शकतो.

शहरात पाणीटंचाई असताना हे योग्य आहे का?

प्रश्न रास्त आहे. नागपूरला पिण्याचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हानमधून मिळते आणि त्यावर असा भार टाकणे मला पटत नाही. पाणी फिरते राहते, संपत नाही हे खरे, पण शुद्धीकरणाची चांगली यंत्रणा असली तरी रोज एकूण पाण्याच्या ५ ते १० टक्के पाणी बदलावे लागते, म्हणजे २०० घनमीटरला १० ते २० घनमीटर. हा दहा हजार लिटरच्या एक-दोन टँकरांचा हिशेब झाला. शेडच्या छतावरचे पावसाचे पाणी साठवून त्यातला मोठा वाटा भागवता येईल, आणि छत मोठे असल्यामुळे ते शक्यही आहे. शीतकरण मनोऱ्यासाठी वेगळा मार्ग आहे : नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते, त्याच धर्तीवर मनोऱ्यात तसे पाणी वापरून ते उष्णता-विनिमयकाच्या दुसऱ्या बाजूला ठेवावे, म्हणजे माशांच्या पाण्याशी त्याचा संबंध येणार नाही.

बदललेले पाणी नायट्रेटयुक्त असते आणि झाडांना चालते. नळाचे पाणी घेतल्यास त्यातील क्लोरीन काढल्याशिवाय ते कालव्यात सोडू नये.

मासे घाण करतील. पाणी स्वच्छ कसे राहील?

माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांना विषारी आहे. जैविक गाळणीत वाढवलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही जिवाणूंची वसाहत जमायला काही आठवडे लागतात, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मासे सोडणे म्हणजे त्यांना मारणे होय. या कामाची जाण असलेली माणसे नागपुरातच आहेत : महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे आणि १९५८ साली स्थापन झालेली, आज नीरी म्हणून ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्थाही येथेच आहे. त्यांना विचारल्याशिवाय एकही वीट रचू नये.

छताखाली किडे कुठून येणार? आणि उजेडाचे काय?

फ्लाय फिशिंगचे सौंदर्य ज्या क्षणात एकवटते तो म्हणजे किड्यांचा उठाव. मेफ्लाय, कॅडिस यांच्या अळ्या महिनोन्महिने तळच्या गोट्यांखाली वाढतात आणि एका संध्याकाळी पृष्ठभागावर येऊन पंख पसरतात. मेफ्लायचे प्रौढ आयुष्य काही तासांचे, फार तर एक-दोन दिवसांचे असते. हा उठाव विकत आणता येत नाही. गोटे, शेवाळ, पालापाचोळा असलेल्या जित्याजागत्या तळात काही कीटक टिकू शकतील, पण त्यांच्या भरवशावर शेड चालणार नाही. या बाबतीत कृत्रिम नदी खऱ्या नदीच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मान्य करूनच पुढे जावे.

उजेडाचे मात्र बरेच काही करता येते. पाण्याखालचा मासा बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून पाहतो. त्या शंकूत प्रखर दिवा आला तर फ्लाय त्याला काळ्या ठिपक्यासारखी दिसेल. दिवे बाजूने, पसरट आणि मंद-प्रखर करता येण्याजोगे असावेत. संध्याकाळ हळूहळू उतरवली, तर मासेही खडकाआडून पुढे सरकतात.

तेच मासे पुन्हा पुन्हा गळाला लागतील. हे क्रूर नाही का?

मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न हाच आहे. नदीतल्या माशाला माणसापासून दूर जाता येते; कालव्यातल्या माशाला ती मुभा नाही. पकडून सोडण्याच्या प्रथेबद्दल जगात एकमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासा पकडण्याला मनाई आहे. शिवाय मासे शिकतात. नेदरलँड्समध्ये १९७० च्या सुमारास कार्प माशांवर झालेल्या प्रयोगांत दिसून आले की एकदा गळाला लागलेला मासा पुढे दीर्घकाळ गळ टाळतो. म्हणजे बंदिस्त नदीत थोड्याच महिन्यांत एकही मासा फ्लायकडे फिरकणार नाही आणि मग मालकाला नवे मासे आणत राहण्याचा मोह होईल.

यावर मला पटलेला उपाय असा की रोजच्या सरावात गळाचे टोक आणि वाक कापलेल्या फ्लायच वापराव्यात. मासा वर येतो, फ्लाय तोंडात घेतो, थुंकतो आणि परत जातो. फेक बरोबर होती याचा तोच पुरावा, आणि पुराव्यासाठी माशाच्या ओठाला भोक पाडण्याची गरज नाही. असा नियम केल्यास काही लोक येणार नाहीत, हे गृहीत धरावे. जे येतील ते कौशल्यासाठी येतील आणि अशी जागा त्यांच्यासाठीच असावी. ज्यांना मासा हाताळायला शिकायचे आहे, त्यांच्यासाठी अधूनमधून जाणकाराच्या देखरेखीखाली, काटा नसलेल्या गळाने आणि मासा पाण्याबाहेर न काढता तसे सत्र ठेवता येईल.

कायद्याने परवानगी आहे का?

संरक्षित क्षेत्रातील पाण्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. खासगी शेडमधील संवर्धित माशांची गोष्ट वेगळी आहे. परंतु प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा माशांनाही लागू आहे, आणि बाहेरून मासे किंवा बीज आणण्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाकडे आधी लेखी विचारणा करावी.

पकडलेला मासा घरी नेता येईल का?

नाही. ताजा मासा हवा असेल तर बाजारात तो स्वस्त आणि चांगला मिळतो.

हाच पैसा नाग नदी स्वच्छ करायला का वापरू नये?

नाग नदी स्वच्छ होण्यासाठी लागणारा पैसा आणि शेडसाठी लागणारा पैसा यांची तुलनाच होत नाही. ते सरकारचे, महानगरपालिकेचे आणि आपल्या सर्वांचे काम आहे आणि एखादी खासगी शेड झाली किंवा न झाली तरी ते राहणारच. तरीही या प्रश्नातली कळकळ मला खरी वाटते. अमेरिकेत १९५९ साली मिशिगनमधील ओ सेबल नदीच्या काठी ट्राउट अनलिमिटेड ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या मुळाशी फ्लाय फिशिंग करणारी माणसेच होती. ज्यांना पाण्यातली धार न् धार ओळखता येते, त्यांना नदी बिघडल्याचे लवकर कळते. शेडमध्ये शिकलेल्या मुलांना वर्षातून काही वेळा खऱ्या ओढ्यावर नेऊन गोट्यांखालचे किडे मोजायला शिकवले, तर नागपुरात नद्यांसाठी बोलणारी माणसे वाढतील. असे काही न करता केवळ करमणूक विकली, तर या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नाही.

विदर्भातल्या ढिवर समाजाचा याच्याशी काही संबंध येतो का?

यायलाच हवा. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर आणि वैनगंगेच्या काठी ज्यांच्या पिढ्या मासेमारीत गेल्या, त्यांना पाणी आणि मासा यांचे जे ज्ञान आहे ते पुस्तकात नाही. पेंचमधील तोतलाडोह जलाशयात विस्थापितांना मासेमारी करू द्यावी की नाही, हा वाद १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, यावरून पाण्यावरचा हक्क हा आपल्याकडे किती नाजूक विषय आहे हे कळावे. शेडमध्ये मासे सांभाळण्याची, पाणी पाहण्याची जबाबदारी आणि त्याचे नियमित वेतन या कुटुंबांतील तरुणांना मिळावे. हौशी लोकांच्या खेळासाठी त्यांच्या तलावांवर ताण येत नाही, हा बंदिस्त नदीच्या बाजूचा एक भक्कम मुद्दाही आहे.

शिकायला वय, शक्ती, साहित्य किती लागते?

आठ-दहा वर्षांचे मूल टेंकाराचा रॉड सहज पेलते. शक्तीपेक्षा ताल महत्त्वाचा असल्याने स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध असा भेद येथे फारसा उरत नाही. खुर्चीवर बसून फेक करणाऱ्यांसाठी काठाला सपाट ओटा आणि कठडा सुरुवातीलाच बांधावा. डोळ्यांवर चष्मा सर्वांना सक्तीचा असावा.

प्रत्यक्षात सुरुवात कुठून करावी?

मासे न सोडता. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३८ साली केवळ फेकीच्या सरावासाठी हौद बांधले गेले आणि तिथे लोक आजही सराव करतात. म्हणजे माशांवाचूनही फ्लाय फिशिंगची माणसे जमतात. नागपुरात आधी एखाद्या रिकाम्या शेडमध्ये १५-२० मीटर लांबीचा, दीड-दोन मीटर रुंदीचा कालवा पत्रे आणि ताडपत्री वापरून मांडावा, त्यात कन्हानकाठचे नव्हे तर खाणीतले गोटे टाकावेत, एक भाड्याचा पंप लावावा आणि हिवाळाभर लोकांना रोल कास्ट, टेंकारा व मेंडिंग करू द्यावे. रंगीत लोकरीचा तुकडा ओढ न लागता ठरलेल्या खडकापर्यंत वाहत गेला की नाही, हे डोळ्यांनी दिसते. दर आठवड्याला खडक हलवावेत आणि कोण परत येते याची नोंद ठेवावी. खडक हलवलेल्या आठवड्यांत गर्दी वाढत असेल, तर मोठ्या नदीसाठी जागा, पाणी आणि भांडवल शोधायला हरकत नाही. वाढत नसेल, तर तो पंप परत करून टाकावा.